करवतीची प्रदक्षिणा

इंजिनाला मी घाबरतो, हे इंजिनाला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

बाकी कोणाला कळू नये एवढीच माझी धडपड होती, कारण देवास संस्थानाच्या थोरल्या पातीत त्या इंजिनाचा चालक मीच होतो! आमचे काका बांधकाम खात्यात मोठ्या हुद्द्यावर. त्यांनी दिवाणसाहेबांच्या मागे लागून घासलेटवर चालणारं एक इंजिन आणि त्यावर फिरणारी गोल करवत मुंबईहून मागवली. नव्या शाळेच्या छपराला फळ्या हव्या होत्या. "आराकसांना जो ओंडका हाताने चिरायला आठ दिवस लागतात, तो हे यंत्र तासाभरात चिरील," असा काकांनी शब्द दिला. आणि यंत्र चालवणार कोण? तर, "आमचा गजानन! यंत्रशास्त्र कोळून प्यालाय!" (इंदूरला मी एक वर्ष कॉलेजात होतो. तिथे मी प्यालो तो फक्त चहा.)

दिवाणसाहेब म्हणाले, "गुरुवारी चार वाजता मी स्वतः पाहायला येतो. चाललं तर उत्तम. नाही चाललं, तर यंत्र परत जाईल आणि तुम्ही घरी बसाल."

काकांच्या नोकरीवर घरातली अकरा माणसं जेवत होती. बारावा मी. गुरुवार जवळ आला तसं माझं जेवण आपोआपच कमी झालं.

देवासची एक गंमत इथे सांगायला हवी. त्या काळी गाव एक आणि राजे दोन! बाजाराच्या रस्त्याच्या अलीकडे थोरली पाती, पलीकडे धाकटी पाती. अलीकडे कोणी शिंकलं की पलीकडे दिवसभर चर्चा. आमच्या यंत्राचा पत्र्याचा मांडव नेमका या रस्त्याच्या कडेला होता. इंजिन आत, करवत बाहेर उघड्यावर, आणि दोन्हींना जोडणारा चामड्याचा लांब पट्टा. गुरुवारी सकाळी यंत्राची पूजा, मगच लाकडाला हात लावायचा, असं ठरलं होतं. पलीकडची प्रजा फुटाणे घेऊन रस्त्याच्या त्या कडेला आधीच येऊन बसली होती.

काका शाळेच्या बांधकामावर गेले होते. मी दिव्याने इंजिनाचं डोकं तापवलं, मोठं चाक ओढलं आणि चार पावलं मागे पळालो. ढब्... ढब्... ढब्! करवत गरगरा फिरायला लागली. काकूने आरतीचं तबक उचललं, करवतीकडे पाहिलं आणि तबक खाली ठेवलं.

"गजा, बंद कर ते!"

"का गं काकू?"

"उलटं फिरतंय मेलं!"

"यंत्राला कसलं आलंय उलटं न् सुलटं?"

"आरती कशी ओवाळतोस? अशी ना? जातं कसं फिरतं? असं! आणि हे बघ, हे असं. असं अप्रदक्षिण मेल्या माणसाभोवती फिरतात! असल्या चाकानं चिरलेलं लाकूड शाळेतल्या पोरांच्या डोक्यावर घालणार तू?"

काकूची भीती मला इंजिनाच्या भीतीपेक्षा फार जुनी होती. (इंजिन येऊन पंधरा दिवस झाले होते, काकूच्या हाताखाली मी चौथ्या वर्षापासून.) यंत्राबरोबर आलेल्या इंग्रजी पुस्तिकेत एक चित्र होतं. पट्ट्याला इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा पीळ दिला की पलीकडचं चाक उलट दिशेने फिरतं. मी पट्टा काढला, पीळ दिला, परत चढवला. करवत आरतीच्या दिशेने फिरू लागली! काकूने ओवाळलं, नारळ फुटला, आणि आपल्याला खरोखरच यंत्रशास्त्र येतं की काय, अशी शंका मला आयुष्यात प्रथमच आली.

मग गड्यांनी बागलीच्या जंगलातून आलेला सागाचा ओंडका करवतीला भिडवला. कर्रर्र! धूर निघाला, इंजिन कण्हलं, ढब्... ढ... आणि बंद.

पलीकडे एक फुटाणा कोणीतरी फार मोठ्यानं चावला.

मी पुन्हा इंजिन सुरू केलं. मोकळं असताना ते सुरेख चालायचं. लाकूड लागलं की मान टाकायचं. (काम दिसलं की मान टाकणारी माणसं आमच्या घरातही होती. एक तर मीच.) पुस्तिकेत 'भार पडताच इंजिन मंदावून बंद पडल्यास' असं एक आख्खं पान निघालं आणि माझ्या जिवात जीव आला. घासलेटात कचरा असेल, म्हणून ते काकूच्या धुतलेल्या लुगड्यातून गाळलं. हवेची जाळी घासली. धुराच्या नळीत काजळी असेल, म्हणून नळीत बांबू घातला आणि दुसऱ्या टोकाशी डोळा लावून पाहिलं. काजळी होती. ती सगळी माझ्या तोंडावर आली. पट्टा घसरत असेल, म्हणून त्याला राळ फासली. ओंडका लावला. कर्रर्र, धूर, बंद!

बाराला काका आले. माझं काळं तोंड बघून त्यांचं पांढरं पडलं.

"गजानन, काय झालं?"

"काही नाही काका. तपासतोय."

"तुला येतं ना रे हे?"

"हो!" मी म्हणालो. आवाज माझा नव्हता. काका ओंडक्यावर बसले, पगडी काढून मांडीवर ठेवली आणि रस्त्याकडे बघत राहिले. असे हताश बसलेले काका मी कधी पाहिले नव्हते. त्या क्षणी मला इंजिनाची, काकूची, दिवाणसाहेबांची, सगळ्यांची भीती एकदम वाटली, आणि सर्वांत जास्त वाटली ती काकांनी पुन्हा एकदा "तुला येतं ना?" असं विचारण्याची.

साग फार कठीण, म्हणून आंबा आणला. कर्रर्र, बंद. आंबा ओला, म्हणून शेवग्याची फांदी आणली. शेवगा! कावळा जोरात बसला तरी मोडतो तो शेवगा! आमच्या करवतीने त्याची साल तेवढी भाजून काढली.

"नजर लागलीय," रस्त्यापलीकडे बघत काकू म्हणाली. "कोहळ्याचा बळी दे."

तीन वाजले होते. दुसरं काही सुचत नव्हतं. काकूने घरातला सर्वांत मोठा कोहळा आणला, त्याला हळदकुंकू वाहिलं, आणि मी डोळे मिटून तो करवतीला लावला. कोहळा चिरला गेला नाही. करवतीने त्याला खालून उचललं, हवेत भिरकावलं आणि सरहद्दीपलीकडे धाकट्या पातीत नेऊन टाकलं!

माणसं ओरडत दूर पळाली. "थोरल्या पातीनं तोफ डागली!" असं कोणीतरी बोंबललं. नोकरी जाणार हे ठरलंच होतं. आता दोन राजांत लढाई लागली तर तीही माझ्यामुळेच! तेवढ्यात पलीकडून एक म्हातारा कोहळा काखोटीला मारून शांतपणे रस्ता ओलांडू लागला.

तो कालूजी मिस्तरी होता. चाळीस वर्षं हाताने सागाचे ओंडके चिरलेला आराकस. आमचं यंत्र चाललं तर पहिलं काम त्याचंच जाणार होतं. म्हणून सकाळपासून मी त्याच्या नजरेला नजर देत नव्हतो.

"भिया, यो थारो कोहळो," तो म्हणाला. मग तो करवतीजवळ वाकला. तिच्या दातांवरून अंगठा फिरवला, पट्ट्याकडे पाहिलं, आणि माझ्याकडे. "भिया, करोत का दांत आगे देखी रिया, ने करोत चाले पाछी! यो चीरी नी रियो, यो तो घिसी रियो हे!"

करवत उलटी फिरवली तर दात लाकडाला चावणार कसे? पाठीनेच घासणार! पुस्तिकेतल्या त्या पानावर हे कारण नव्हतंच. इतका मूर्ख चालक लिहिणाऱ्याच्या कल्पनेत बसला नसावा.

"कालूजी," मी हळूच विचारलं, "हे चाललं तर तुमचं काम जाईल. मग सांगितलंत कशाला?"

"जाय तो जाय," म्हातारा म्हणाला. "पण करोत की असी फजीती म्हारा से नी देखी जाय."

मला रडू आलं. काजळीमुळे कोणाला दिसलं नाही.

मी पट्ट्याचा पीळ काढायला घेतला, तर काकू आडवी आली. "म्हणजे पुन्हा मेल्या माणसाचं चाक? मी जिवंत असेपर्यंत नाही!"

"काकू, काकांची नोकरी..."

"आणि पोरांची डोकी?"

कालूजीने हात जोडले आणि रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. "काकीसाब, म्हारी आडी आई ने देखो. वां से सीधो फिरे हे."

तेच चाक अलीकडून उलटं आणि पलीकडून सुलटं! सकाळी काकूची जागा बदलली असती, तर पट्टा बदलावा लागला नसता. पण पलीकडे म्हणजे दुसऱ्या राज्यात!

"मी? आरती घेऊन धाकट्या पातीत?" काकू म्हणाली.

"जा!" काका उठून उभे राहिले. काकूवर आवाज चढवलेले काका मी तेव्हाच ऐकले. "हवं तर सरहद्दीवर पाय धुऊन जा, पण जा!"

काकू तबक घेऊन निघाली. पलीकडच्यांनी तिला वाट करून दिली, कोणी सतरंजीही घातली. मी पट्ट्याचा पीळ काढून इंजिन सुरू केलं. काकूने संशयाने पाहिलं, तबक उचललं, एकदा ओवाळलं, दोनदा ओवाळलं. हात आणि करवत एकाच दिशेने फिरत होते.

"अगोबाई! खरंच की रे!" ती परराज्यातून ओरडली.

तेवढ्यात दिवाणसाहेबांची बग्गी आली. सागाचा ओंडका पुढे सरकला. करवत सरळ आत शिरली, इंजिनाचा आवाज जरा जड झाला. पण ते थांबलं नाही. फळी धाडकन खाली पडली. काकांनी माझा हात धरला.

"सकाळपासून बंद होतं म्हणे?" दिवाणसाहेबांनी विचारलं. "दोष शोधला कोणी?"

"कालूजी मिस्तरींनी."

"मग यांना यंत्रावर नेमून टाका. आणि दोष केला कोणी?"

"मी, साहेब."

"का?"

मी पलीकडे पाहिलं. काकू तबक हातात धरून माझ्याकडेच रोखून बघत होती. दिवाणसाहेबांची भीती त्या दिवसापुरती होती. काकूच्या हातचं मला जन्मभर जेवायचं होतं.

"अज्ञानामुळे, साहेब," मी म्हणालो, आणि कोणीतरी "छे, छे, तसं काही नाही!" म्हणेल म्हणून जरा थांबलो. काका पगडी नीट करत होते. काकू निरांजनाची वात सारत होती. कालूजी करवत पुसत होता. रस्त्याच्या अलीकडची प्रजा गंभीरपणे मान डोलावत होती, आणि पलीकडचीही. दोन्ही राज्यांचं इतकं एकमत मी देवासात पुन्हा कधीच पाहिलं नाही!