बसूनच वंदना

सासूबाईंची अट एकच होती. श्रीलंकेला नेणार असशील तर अनुराधपूरच्या बोधिवृक्षाखाली बसून पूर्ण वंदना करू दे. उभ्याउभ्या हात जोडून, फोटो काढून मला परत आणू नकोस. वय सत्तरीच्या पुढे, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. मोहने गावातल्या आमच्या घरून कल्याण स्टेशनला जायचं तरी रिक्षात चढायला आधार लागतो. नवरा म्हणाला, "अगं वेडी आहेस का? मोबाईलवर दाखव की तिला." आठवड्याभरात दोघींचे पासपोर्ट काढायला टाकले आणि डोंबिवलीच्या एका टूरवाल्याकडे नाव नोंदवून आले.

टूर मुळात रामायणातल्या जागांची होती. अनुराधपूरला मध्येच कुठेतरी एक सकाळ दिलेली. मी म्हटलं, एक सकाळ आपल्याला भरपूर झाली.

परदेश म्हणजे काय, ते मला पहिल्या हॉटेलातच कळलं. पलंग इतका उंच की सासूबाई त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "यावर चढायचं की याची पूजा करायची?" नशीब, मी कल्याणच्या बाजारातून घडीचा प्लॅस्टिकचा स्टूल घेतला होता. विमानतळावर तपासणीवाल्याने तो उघडून, मिटून, पुन्हा उघडून पाहिला होता. बसमधली ठाण्या-डोंबिवलीची मंडळीही हसली होती. "मॅडम, गॅस सिलेंडरपण आणलाय का?" पण बसची पायरी उंच निघाली आणि पुढच्या दोन दिवसांत त्यांच्याच घरच्या बायका माझ्याकडे स्टूल मागायला लागल्या. मी दिला, पण प्रत्येकीला एक टोमणा मारून दिला.

बसमधला एसी नेमका सासूबाईंच्या डोक्यावर यायचा आणि त्याचं झाकण काही फिरायचं नाही. त्या टॉवेल गुंडाळून बसायच्या. सकाळ-दुपार-संध्याकाळ भात. तिसऱ्या दिवशी भाकरीच्या आठवणीने मला खरोखर भरून आलं, हे सांगायला लाज कसली? पण तिथली नारळाची चटणी तोंडात घातली आणि सासूबाईंचा चेहरा खुलला. तीत सुक्या मासळीचा चुरा होता. "अगं, ही तर आपल्या सुकटीची बहीण!" बसमधले शाकाहारी लोक खाकरे मोडत बसलेले, आणि आम्ही दोघी दुसऱ्यांदा वाढून घेत होतो. चहाही घट्ट, गोड, आपल्यासारखा. तेवढ्यावर माणूस तग धरतो.

अनुराधपूरच्या सकाळी सासूबाई पांढरी साडी नेसून नाश्त्याला आल्या, मीही. डोंबिवलीच्या एक काकू मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "तुमच्याकडे कुणी गेलं का हो?" मी म्हटलं, "नाही हो काकू, आमच्यात वंदनेला पांढरंच नेसतात. आज आमचा सणच आहे." त्या ओशाळल्या. मग बस सुटल्यावर टूरवाला मुलगा माईक हातात घेऊन म्हणाला, "आज प्रोग्रॅममध्ये छोटासा चेंज आहे. आधी रत्नांचं दुकान, मग जाता जाता बोधिवृक्ष, क्विक फोटो स्टॉप."

माझं डोकं सटकलं. मी उठून उभी राहिले. "क्विक स्टॉपसाठी आम्ही इतक्या लांब नाही आलेलो. आम्हाला आधी झाडापाशी सोडा, तुम्ही खुशाल दुकान बघा आणि मग घ्यायला या."

"मॅडम, परदेश आहे. काही झालं तर जबाबदारी माझ्यावर येते."

"मी हॉस्पिटलात सिस्टर आहे. पेशंटच्या नातेवाइकांना रोज समजावते. तुम्हालापण जेवणाच्या वेळेपर्यंत समजावत बसेन. चालेल?"

त्याला चाललं नाही. त्याने आम्हाला बोधिवृक्षाच्या आवाराच्या दारापाशी उतरवलं. "मी आलो की लगेच निघायचं हं," एवढं बजावून बस गेली.

चपला बाहेर काढाव्या लागल्या. फरशी तापलेली. सासूबाईंना मी मोजे घातले, तरी त्या प्रत्येक पावलाला "स्स" करत होत्या. थोडं चालायचं, स्टुलावर बसायचं, पुन्हा चालायचं. मला सारखी धास्ती, की तो मुलगा आत्ता येईल आणि आम्ही अर्ध्या वाटेतच असू. आजूबाजूला मात्र सगळे पांढऱ्यात. बाया, पुरुष, लहान पोरं, हातात कमळं. सासूबाई थांबून बघत राहिल्या. "आपलीच माणसं दिसतात गं," म्हणाल्या आणि पुढे जरा भराभर चालल्या.

झाडाच्या कठड्यापाशी वाळू होती. मी स्टूल मांडला. त्यांनी तो बाजूला सारला. माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून, कण्हत, त्या खाली वाळूत बसल्या. आता यांना उठवायला क्रेन लागेल, हे मला दिसत होतं. पण बसल्या!

"म्हण तू पुढे," त्या म्हणाल्या.

आमच्या विहारात एकजण पुढे म्हणतो आणि बाकीचे मागून म्हणतात. पुढे म्हणणारे पुरुषच. मोहन्याच्या विहारात वर्षानुवर्षं सासरे म्हणायचे, ते गेल्यापासून माझे दीर म्हणतात. सासूबाईंना सगळं तोंडपाठ, पण आयुष्यभर त्या मागूनच म्हणत आल्या.

"आई, तुम्ही म्हणा. मी मागून म्हणते."

"मी? मला कुठं येतंय पुढे म्हणायला?"

मी हात जोडून त्यांच्या शेजारी वाळूत बसले. त्यांनी झाडाकडे पाहिलं, पदर नीट केला आणि हात जोडले. "नमो तस्स..." एवढं म्हणून थांबल्या. पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्या वेळी आमच्या मागे बसलेल्या बायकांनी तोच शब्द उचलला. भाषा आम्हाला एकमेकींची ओ की ठो कळत नव्हती, आणि वंदना मात्र हीच, पालीतली. सासूबाईंनी दचकून मागे पाहिलं. मग वळून आवाज चढवला. त्या एक ओळ म्हणायच्या आणि थांबायच्या; मी आणि त्या सगळ्या बाया त्यांच्या मागून म्हणायचो. मला रडू आवरेना, मी आवरलंही नाही.

त्रिशरण संपत आलं तेवढ्यात टूरवाला मुलगा घामाघूम होऊन समोर आला. "मॅडम, चला ना, अख्खी बस थांबलीये!"

मी तोंड उघडणार, तोच सासूबाईंनी डोळे उघडले.

"अजून पंचशील व्हायचंय," त्या म्हणाल्या. "बस खाली, बाळा. आणि माझ्या मागून म्हण."

तो बसला.