वळशाचा बांध

खाडीचं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून मातीचा बांध असतो. तो फुटला की म्हणायचं, खांड गेली. कोर्लईजवळ अशी खांड गेली तेव्हा ती बांधायला इनास मार्तिसलाच बोलावलं. चाळीस वर्षं त्याने हेच काम केलेलं.

खांडीच्या मधोमध पाणी खोल डोह पाडतं. त्या डोहावरून बांध सरळ न्यायचा नसतो. मागे सरायचं, घट्ट जमीन धरायची आणि वळसा घालायचा. बापाने शिकवलेलं हे इनासला पाठ होतं. पण वळशात हिरामणच्या शेताचा तुकडा जात होता आणि काम तीन दिवसांनी वाढत होतं. "कशाला रं एवढा फेरा? पाय भरून आलं काय?" हिरामण म्हणाला. इनासही थकलेला होता. तो सरळ गेला. पौर्णिमेच्या उधाणाला बांध खचला आणि तीस घरांच्या शेतांत खारं पाणी शिरलं.

"उधाणच जबर होतं," इनासने सांगितलं. लोकांनी ते मानलं.

ते मानलं, हेच त्याला सोसेना. पाऊस पडूनही खारावलेल्या जमिनीत एक दाणा पिकला नाही. शेतात खारफुटीचे कोंब दिसू लागले. आणखी एक वर्ष असंच गेलं असतं तर जमीन खाडीचीच झाली असती. इनास बांधाकडे फिरकेना. किहीमला एका बंगल्यावर माळीकाम धरतो, म्हणू लागला.

मे महिन्यात वाडीतल्या क्रुसापाशी रोज संध्याकाळी प्रार्थना होते. बायको रेजिन त्याला ओढून न्यायची. तो सगळ्यांत मागे, पायरीवर बसायचा. तिथे त्याला कोणी बांधाचं विचारत नसे. बाया ठेक्यात रोझरीची माळ म्हणायच्या. वर्षभरात पहिल्यांदा त्याला वाटलं, आपण एवढे वाईट असूनही इथून कोणी उठवत नाही. नवव्या दिवशी तो चर्चमध्ये गेला आणि फादरांपुढे गुडघे टेकून सगळं बोलला.

"देवाने माफ केलं," फादर म्हणाले. "लोकांना काय सांगायचं ते तुझं तू ठरव."

दुसऱ्या दिवशी बांधावर सभा होती. पुन्हा सरळच बांधायचं ठरत होतं. इनास पुढे झाला.

"उधाण जबर नव्हतं. चूक माझी. मला ठाऊक असून मी डोहावर माती टाकली."

शेत बुडालेल्यांतली भागुबाई उसळून म्हणाली, "वर्सभर गिळून बसलास व्हय रं? माझी म्हस इकावी लागली!"

"व्हय, भागूताई. आता वळशाने बांधतो. मजुरी नको."

सगळे हिरामणकडे बघू लागले. त्याने वळशात जाणाऱ्या आपल्या तुकड्याकडे एकदा पाहिलं. "तुकडा घे," तो म्हणाला. "पण ह्या बारीला फसलास, तर तुलाच गाडीन त्यात."

अष्टमीच्या भांगाला, भरती सर्वांत कमी असते तेव्हा, काम सुरू झालं. रोज ओहोटीचे पाच तास. चिखलाचे गोळे हातोहात यायचे. इनास प्रत्येक गोळा दाबून बघायचा आणि सैल असला तर परत पाठवायचा. पहिला गोळा बसवताना त्याने त्यावर बोटाने क्रूस काढला आणि घरच्या पोर्तुगीज वळणाच्या बोलीत काहीतरी पुटपुटला.

"मातीला इंग्रजी शिकवतोस काय?" हिरामण हसला.

"न्हाय. तिला धर म्हणून सांगितलं. दाबायचं आपण."

पौर्णिमेला पाणी चढलं. माथ्यापासून वीतभर खाली येऊन थांबलं. सगळं गाव बांधावर उभं होतं. इनासने टोपी काढली. शेजारी हिरामणने चपला काढल्या.

ओहोटी लागली. लोक ओरडू लागले, कोणीतरी इनासला खांद्यावर उचलायला धावलं. तो खाली वाकला होता. पाण्याकडच्या अंगाला खेकड्याने भोक पाडलं होतं. त्याने चिखलाचा गोळा घेतला, भोक बुजवलं, टाचेने दाबलं. पुन्हा दाबलं. मग ताठ उभा राहिला.

"आता उचला," तो म्हणाला.