दोर हातातच होता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. संघटनेच्या बैठकीत नाही, मित्रांत नाही, आणि जिला सगळ्यांच्या आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत मी पत्रकं किती काढली ते मलाही आठवत नाही — मिठागरातल्या मजुरीवर, फुटक्या खारबांधांवर, न येणाऱ्या एसटीवर. प्रत्येक पत्रकात कुणाचा ना कुणाचा गुन्हा आहे, ठासून लिहिलेला. माझा एकातही नाही.

तुम्ही मला रोह्याच्या एखाद्या गेटसभेत ऐकलं असेल, तर माझा पुढचा दात अर्धा आहे हे तुम्ही पाहिलं असेल. लोक समजतात लाठी लागली. मी तसं कधी म्हटलं नाही. पण एका कामगारानं एकदा विचारलं, "दादा, ह्यो पोलिसांचा परसाद का?" — तेव्हा मी हसलो, आणि दोन चहा सांगितले. तेवढं पुरतं. खोटं बोलायला दर वेळी तोंड उघडावं लागतं असं थोडंच आहे?

दात काथ्याच्या दोरानं तुटला. तेच सांगायचं आहे. पण थेट तिथं जाववत नाही — जरा फिरून येतो.

आमचं गाव पेणच्या खाली, खाडीच्या काठाला. अल्याड घरं, पल्याड मिठागरं आणि खाजणातली शेतं. जायचं ते होडीनं, शीड लावून. बायका रोज त्या होडीत असायच्या. मधे बसायच्या, पत्र्याच्या डब्यानं आत आलेलं पाणी उपसायच्या, ओहोटीला होडी गाळात रुतली तर खाली उतरून खांदा लावायच्या. दिवसभर मिठाच्या पाण्यात उभ्या राहून त्यांच्या टाचा फाटायच्या. हे सगळं चालायचं. पण सुकाणूला बाईचा हात लागायचा नाही. शिडाच्या दोरालाही नाही. का? तर खाडी कोपते. म्हणजे बाईनं होडी ढकललेली खाडीला चालते, हाकललेली चालत नाही. असली कसली खाडी?

आमच्या गावातल्या हिराचा नवरा रोह्याला कंपनीत. त्याची दिवसपाळी असली की हिराला पल्याड न्यायला कुणी नसायचं. घरची होडी धक्क्याला बांधलेली, आणि ही बांधावरून वळसा घालून चालतेय. जायला दोन तास, यायला दोन तास. होडीनं विडी ओढून होईपर्यंत पोचतो माणूस.

मी चोवीस वर्षांचा होतो. पेटलो. पत्रक काढलं, सायक्लोस्टाईलची शाई हातालाच जास्त. गावात वाटलं. पुरुषांनी त्यात सुकट बांधली. फक्त पांडूतात्या ते घेऊन माझ्या घरी आला. म्हातारा, उभा जन्म खाडीत गेलेला. म्हणाला, "गजा, लिवतंस बरा. होडी कवा चालवलीस?"

कधीच चालवली नव्हती. माझे वडील मास्तर.

"मंग रविवारी ये. पन एकटा नको. शेवंतीला घेऊन ये. माझे होडीन जोडपीच शिकतील. एकाचे हाती सुकान, दुसऱ्याचे हाती दोर, वळनाला जाऊन बदली करायची. नवरा-बायकोचा काय भांडान असल त्यो होडीतच मिटला पायजे."

पुढे त्यानं सांगितलं की त्याची बायको, तोवर वारलेली, वीस वर्षं त्याच्या होडीचं सुकाणू धरत होती. वळणापलीकडे, जिथून गाव दिसत नाही तिथे. धक्का दिसू लागला की दोघं जागा बदलायची आणि ती मधे जाऊन बसायची, डबा घेऊन. वीस वर्षं. हे सांगताना म्हातारा माझ्याकडे बघत नव्हता.

आम्ही तीन जोडपी शिकायला लागलो. मी आणि माझी बायको शेवंती, हिरा आणि तिचा नवरा, आणि त्याचा मावसभाऊ नि त्याची बायको. तात्याचा पहिला नियम, रोज नव्यानं दटावून सांगितलेला: शिडाचा दोर बांधायचा नाही. खालच्या कोपऱ्याचा तो दोर शीड ताणून धरतो, आणि तो माणसाच्याच हातात हवा. वारा अंगावर आला की ढिला सोडायचा, शीड फडफडतं, होडी सरळ होते. बांधून ठेवला तर होडी वाऱ्याबरोबर पालथी. "हात दुखला त रड," तात्या म्हणायचा, "पन बांधू नको."

शेवंती माझ्याहून लवकर शिकली. लवकर कसलं — आठ दिवसांत. वारा कुठून येतोय हे तिला मानेवर कळायचं. मी शिडाकडे बघत बसायचो, ती पाण्याकडे. पाण्यावर काळपट सुरकुती सरकत आली की ती आधीच सांगायची, आणि सांगताना मला नावानं हाक मारायची. "गजा, ढिला सोड. गजा, ओढ." लग्नानंतर मी तिला किती वेळा म्हटलं होतं, अहोजाहो करू नको, मला नावानं हाक मार. त्यावर मी एक पत्रकही काढलं होतं. जमिनीवर तिला ते कधी जमलं नाही. होडीत जमलं. वाऱ्यात 'अहो, ऐकता का' म्हणायला वेळ कुठे असतो?

एका रविवारी आम्ही दोघंच वळणापर्यंत गेलो, कामाशिवाय. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी. परतताना ती सुकाणूवर होती, पाय पसरून, पदर खोचून, आणि एकटीच हसत होती. मी विचारलं काय झालं. म्हणाली, "काय नाय. मना वाटला ही खाडी मी आज बघतंय." रोज तीच खाडी ओलांडत होती ती, पाठ करून बसून.

मला तो दिवस आवडला. आणि खुपलाही. हे लिहायला हात अडतो. माझ्या तळव्यांना फोड, आणि गावात लोक विचारतात शेवंतीला, "गो शेवंते, आज भरती कवा?" मला नाही विचारत. पत्रक कुणाचं? कल्पना कुणाची? मी असं मोठ्यानं कधी म्हटलं नाही. मनात म्हटलं, पुष्कळदा.

मग तात्यानं होडीवाल्यांना बैठकीला राजी केलं. ठरलं असं: तिन्ही जोडपी एकेक करून पल्याडहून अल्याड येतील, बायको सुकाणूवर, सगळ्या गावासमोर. सरळ धक्क्याला लागली तर बायकांना होडी चालवायला कुणी अडवणार नाही. हिराचे चार तास त्यावर टांगलेले होते. आणखी कितीजणींचे.

पहिली होडी आमची. धक्क्यावर माणसांची दाटी, पेणहून आमचे तालुक्याचे पुढारी आलेले. माझ्या पायाशी पत्रकांचं बंडल. धक्का जवळ आला तशी मला माणसं दिसायला लागली — आणि मला उभं राहायचं होतं. मूठ वर करायची होती, पत्रकं उधळायची होती. बायको होडी आणतेय, तिच्या मागे कुणाचं डोकं आहे हे लोकांना दिसायला हवं होतं. पण हातात दोर.

मी तो आडव्या फळीला बांधला. दोन वेढे आणि एक गाठ. शेवंती माझ्या पाठीमागे होती, तिला माझी पाठच दिसत होती. मी उभा राहिलो आणि घोषणा दिली.

"गजा, दोर सोड."

मला वाटलं, तिला आणखी एक घोषणा पुरी होईपर्यंत थांबता येईल. ती पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा ओरडली. तेव्हा मी खाली वाकलो, पण काथ्याचा दोर भिजला की गाठ दगड होते. तिनं सुकाणू पूर्ण फिरवलं होतं, नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वाऱ्याकडे वळतही होती. बांधलेल्या शिडानं होडी आडवी केली.

पाणी छातीभर. कुणी मेलं नाही. म्हणून तर पुढचं सोपं गेलं.

लोक उड्या टाकून येत होते. शेवंती वल्ही गोळा करत होती. आणि मी? मी शिडाखाली गेलो. लोकांना वाटलं, शीड वाचवतोय. मी गाठ सोडत होतो. बोटांनी सुटेना, दातांनी सोडली. दात तुटला, तोंडात रक्त आणि खारट काथ्या. गाठ सुटली. मी दोर हातात धरून वर आलो.

तात्यानं होडी ओढून घेतली. दोराचं टोक बोटांत फिरवून बघितलं, काथ्या पिळून उसवला होता. मग माझ्या ओठाकडे बघितलं.

"दोर कुनाचे हाती व्हता?"

"माझ्या."

"हातीच व्हता?"

"हातातच होता."

शेवंती बाजूलाच उभी होती, ओली. तात्या थांबला. मी बोलेन म्हणून थांबला होता, एवढं मला तेव्हाही कळत होतं. मग त्यानं दोराचं वेटोळं केलं आणि तो घरी गेला. पुढे कुणाला शिकवलं नाही.

बाकीच्या दोन जोडप्यांना होडी काढूच दिली नाही. बैठकीत होडीवाले म्हणाले, बघितलं ना? आणि शेवंती उठून उभी राहिली. जमिनीकडे बघत म्हणाली, "चूक माझी. नाल येलेवर फिरवली नाय." मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो होतो. घरी तिनं मला एकदाच विचारलं, दोर सुटला कसा नाय? मी म्हटलं, सोडला होता, वाराच खालून आला. तिनं मान हलवली. तिला पटलं. मी खोटं बोलणार नाही असं तिला वाटायचं — पत्रकं लिहिणारा माणूस!

आता सगळ्यांत घाण भाग. आठवड्याभरात मी नवं पत्रक काढलं. "बाईलाही चुकण्याचा हक्क आहे." तुम्ही वाचलं असेल. पेण ते रोहा भिंतीभिंतीवर रंगवलं गेलं ते. पुढाऱ्यांनी पाठ थोपटली, सभांत टाळ्या पडल्या. पुरुष हजार वेळा होडी बुडवतात, त्यांना कुणी विचारतं का — असं मी गरजायचो. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. आणि त्या खऱ्या शब्दांनी मी सगळ्या तालुक्याला सांगत फिरलो की चुकली ती माझी बायको. वर तिला उदार मनानं माफ करत. तिनं काय केलं होतं माफ करण्यासारखं?

मला राग येतो. होडीवाल्यांचा येतो, टाळ्या वाजवणाऱ्यांचा येतो. आता दोन होड्यांना इंजिन बसलं, तर त्याच्या दांड्यालाही बाईनं हात लावायचा नाही. कारण? शेवंतीनं होडी पालथी घातली होती ना. हिरा अजून बांधावरून चालते. त्यांचा राग करत करत मी सहा वर्षं काढली, कारण तो करताना बरं वाटतं. कोपली खाडी, असं ते म्हणत होते. मी त्यांना पुरावा दिला.

शेवंती होडीत परत मधे बसते, डबा घेऊन. परवा पल्याड जाताना मी समोर होतो. पाण्यावर सुरकुती आली आणि तिचा उजवा हात मांडीवरून आपसूक उचलला गेला, सुकाणू धरायला जावा तसा. तिनं तो डाव्या हातानं धरून खाली ठेवला. मी दुसरीकडे बघितलं.

हे पत्रक उद्या तिला वाचून दाखवणार. मग धक्क्याच्या भिंतीवर चिकटवणार, तिथं रंगवलेल्या त्या चुकण्याच्या हक्काच्या घोषणेवरच. तिनं मग काय करावं, तात्यानं, हिरानं काय करावं, ते मी लिहिणार नाही. लोकांनी काय करावं ते लिहिण्यात माझी सहा वर्षं गेली.

त्या दिवसापासून शेवंती मला अहो म्हणते. माझं नाव तिच्या तोंडी शेवटचं आलं ते तीन वेळा, एकापाठोपाठ एक. तिन्ही वेळा ऐकू आलं होतं.