कॉम्प्रेसरशेजारी

आमच्या प्रकल्पात नैसर्गिक वायू गार करायला प्रोपेन फिरवतात. भर मे महिन्यातही त्या प्रोपेनच्या नळीवर बर्फ धरलेला असतो. सुनंदावहिनी त्या बर्फाकडे बघत राहिल्या. त्यांचा नवरा, माझा सोबती सदाशिव, गळका व्हॉल्व्ह बंद करायला तिथल्याच खड्ड्यात उतरला होता आणि गुदमरून गेला.

“आग लागली होती का, भाऊजी?”

“नाही वहिनी. प्रोपेन हवेपेक्षा जड. खड्ड्यात साचतो, मग श्वासाला हवाच उरत नाही.”

“हाक मारली असेल ना त्यांनी?”

कॉम्प्रेसर इतका धडधडत होता, की शेजारी उभे असूनही आम्ही ओरडूनच बोलत होतो. वहिनींनी त्या यंत्राकडे पाहिलं. मग त्यांनी काहीच विचारलं नाही.