सुनंदाआत्याची साक्ष

माझी सुनंदाआत्या खोटं बोलली. तेही चौकशीला आलेल्या जमादारासमोर, छाती पुढे काढून! मी जळगावच्या कोर्टात वकिली करते, एकेक नमुनेदार साक्षीदार पाहिलेत. पण ज्याला वाचवायचं त्याचंच एवढं वाटोळं इतक्या मायेनं करणारी बाई दुसरी पाहिली नाही.

आत्या यावलची. केळीची बाग, दोन म्हशी, नवीन नावाचा एक मुलगा, आणि दिवस उजाडल्यापासून चालू असलेलं तोंड. केळीचा व्यापारीसुद्धा तिच्याशी बोलायच्या आधी पाणी पिऊन घेतो. तिच्या घराच्या पुढच्या खोलीत लाजवंती आणि हरेश हे सिंधी जोडपं भाड्यानं राहतं. दोन हजार चौदाच्या आधी दोघं पाकिस्तानातल्या सिंधमधून जीव मुठीत धरून आले. तिकडे दुकान जाळलं होतं, लाजवंतीला उचलून नेण्याच्या धमक्या होत्या. इथे हरेश आठवडी बाजारात कापड विकतो, ती शिवणकाम करते, आणि त्यांची मुलगी यावलच्याच शाळेत जाते. अशा निर्वासितांना नागरिकत्व देणारा नवा कायदा आला तेव्हा दोघांचे अर्ज मीच भरले. हरेशचा मंजूर झाला, आम्ही पेढे खाल्ले. लाजवंतीचा चौकशीवर होता.

आणि चौकशीला कोण भेटावं? आत्या!

"परदेशी कुठली? माह्या पोटची लेक हाये! यावलचंच माहेर हाये तिचं!"

जमादारानं शांतपणे लिहून घेतलं. झालं! अर्जात लाजवंतीचा जन्म सिंधमधला, जबाबात यावलचा. माहिती खोटी दिसते, साक्षीदाराला घेऊन सुनावणीला या, असा निरोप आला. अर्ज फेटाळला तर तिच्या इथे राहण्याच्या परवानगीवरच गंडांतर. नवरा आणि मुलगी इकडे, बाई सीमेपलीकडे! माझं डोकंच फिरलं. मिळेल ती एस.टी. पकडून मी यावल गाठलं.

"आत्या, अगं काय करून बसलीस?"

"काय केलं? तो पोलीस तिले न्याले आला असता तं?"

"न्यायला नाही, विचारायला आला होता!"

"इचारनारे अन् नेनारे एकाच गाडीनं येतात," आत्या म्हणाली.

आणि तिचं ते लेक म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं, तेही सांगते. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. लाजवंतीला जायला माहेरच उरलं नव्हतं, आणि आत्याला लेक नव्हती. म्हणून दर आखाजीला आत्या नवीनला मुराळी करून तिला आणायला पाठवते. पुढच्या खोलीतून मागच्या घरात यायला मुराळी! नवीन तिला मोटारसायकलवर बसवून अख्ख्या यावलला वळसा घालतो आणि मागच्या दारी उतरवतो. आत्या तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकते. गाव हसतं. हसेना का!

"गौराईपुढं लेक म्हनलं तिले," आत्या म्हणाली. "आता साहेबापुढं परकी म्हनू? जीभ झडीन माह्यी!"

"तू लेक म्हणत राहिलीस ना, तर तिला घालवून देतील!" मी ओरडले. ती माझ्यावर ओरडली. गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. तेवढ्यात लाजवंती चहा घेऊन आली. तिनं मराठी आत्याकडूनच उचललेली.

"आई, खरं सांगून टाका," ती म्हणाली. "मले वाईट नाही वाटनार."

आत्यानं चहाला हात लावला नाही, आणि मला शब्दही दिला नाही.

सुनावणीला ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली. ही बाई आत काय बोलेल, देव जाणे!

अधिकारी भले होते. त्यांनी सरळ विचारलं, "आजी, ही तुमची मुलगी का?"

आत्यानं लाजवंतीकडे पाहिलं.

"नाही," आत्या म्हणाली.

"मग तसं का सांगितलं?"

"भ्याली मी, साहेब. पन ती माह्याहून जास्त भ्यायेल व्हती. नवी आली तव्हाची गोष्ट. रस्त्यानं मोटारसायकल गेली, का ही खाटेखाली. भर दुपारी दाराले कडी. मी भाकर घेऊन गेली, तं आतून इचारे, संगं कोन हाये? एक दिवस मी बी खाटेखाली सरकली. तेथीच जेवलो दोघी." आत्यानं पदरानं तोंड पुसलं. "पोटची लेक आईच्या घरात खाटेखाली लपते का, साहेब? ती तिकडूनच आली. भेऊन आली. लिहा."

लाजवंतीनं हे मला कधीच सांगितलं नव्हतं. ती मान खाली घालून बसली होती, आणि हरेशनं तिचा हात धरला होता. साहेबांनी सगळं लिहून घेतलं, पुन्हा वाचून दाखवलं, आत्याची सही घेतली. बाहेर येताच आत्या माझ्यावर घसरली, "तुह्यापायी परकी म्हनलं मी तिले!" भर रस्त्यात! मी तिला घट्ट मिठी मारली, तर तिनं माझ्या पाठीत धपाटाच घातला.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. मग एका दुपारी निकाल आला. मंजूर! मी कोर्टाच्या आवारात अशी ओरडले की चहावाल्याच्या हातून पेला निसटला. लाजवंतीचा फोन लागेना, म्हणून आत्याला लावला. दोघी बागेत होत्या.

"आत्या, झालं! आता तिला कोणी कुठे नेत नाही!"

मी पुन्हा हाका मारल्या. "आत्या? अगं ऐकतेस ना?"

मग लाजवंतीचा घाबरलेला आवाज आला. "ताई, आई खाली बसून रडू ऱ्हायल्या. काय झालं? कोन्ही आलं का?"

"कोणी नाही गं बाई," मी म्हणाले. "तू इथेच राहणार."