साखरामायचं इसण

दरवर्षी आठवीच्या वर्गात 'फील' हा शब्द आला की माझं डोकं फिरतं. शब्दकोश उघडावा तर अर्थांची रांगच लागलेली असते. स्पर्श करणं, चाचपणं, जाणवणं, कळणं, वाटणं, भासणं. पोरं म्हणतात, "बाई, एकच सांगा, पेपरात तेवढाच लिहितो." आता यातला कुठला ठेवू आणि कुठला टाकू? पोरांना खरं तर अर्थाची गरजही नसते. मधल्या सुट्टीनंतर हीच पोरं पोट धरून येतात आणि "बाई, कसंतरी फील होऊन राहिलंय" म्हणत घरी जायची परवानगी मागतात. मी दोन शब्द सुनावते, फळ्याकडे वळते, आणि तो शब्द लिहिताना मला साखरामायचे हात दिसतात. तिला इंग्रजीचं अक्षर येत नाही, पण त्याला माझा इलाज नाही.

साखराबाई आमच्या उमरीतलीच, माझ्या घरामागच्या गल्लीत राहणारी. लहानथोर सगळे तिला साखरामाय म्हणतात. मुलगा शिवशंकर शेती बघतो, सून महानंदा घर सांभाळते, त्यामुळं कुणाच्या दारात जायची तिला कधी गरज नव्हती. तरी गल्लीत बाळंतीण घरी आली की साखरामाय बोलावणं नसतानाही हजर. चोळीचा खण मिळाला तर घ्यायची, नाही मिळाला तर चहावर भागायचं. माझी दोन्ही लेकरं तिच्याच पायांवर न्हाली. मी त्या वेळी पुस्तकं वाचून तिला काही सूचना केल्या होत्या. तिनं त्या शांतपणे ऐकून घेतल्या आणि तिला करायचं तेच केलं.

न्हाणीत पाटावर बसायचं, लुगडं गुडघ्यापर्यंत सारायचं, पाय लांब करायचे आणि लेकरू नडग्यांवर पालथं घालायचं. तेलाचा हात फिरवताना तिची तोंडानं बडबड चालू असायची. ती आमच्याशी नसायची, लेकराशी असायची. इथं दुखायलंय का गं, इथं बरं वाटायलंय का. लेकरानं हातपाय सैल सोडले की तिचा चेहरा उजळायचा.

पण तिचा एक कायदा होता. आंघोळीच्या कढत पाण्यात गार पाणी मिसळून ते अंगाला सोसेल असं करायचं, त्या गार पाण्याला आमच्याकडं इसण म्हणतात. ते किती घालायचं हे साखरामायचा हात ठरवायचा. एकदा तिनं बादलीत हात घालून मान हलवली की दुसऱ्या कुणी त्या पाण्यात बोट बुडवायचं नाही. चुकून कुणी बुडवलंच, तर ती लेकराची आई असो की आजी, ते पाणी ओतून द्यायला लावायची आणि नव्यानं तापवून घ्यायची. दोघींचा हात लागला की लेकराला बाधतं, असं तिचं म्हणणं. महानंदा लग्न होऊन आली तेव्हा तिनं एकदा ही चूक केली होती. त्यानंतर ती न्हाणीच्या उंबऱ्याबाहेरच टॉवेल घेऊन उभी राहायला शिकली.

मागच्या पावसाळ्यात साखरामाय माझ्याकडं चहाला आली. चहा असा वाफाळता की मी स्टीलचा पेला पदरात धरून फुंकर मारत होते, आणि ही आपला पेला नुसत्या मुठीत आवळून निवांत बसलेली. मी विचारलं तर म्हणाली, सवय हाय. त्याच आठवड्यात महानंदानं हसत हसत सांगितलं की आत्याबाई मोंढ्याच्या बाजारातून एकच चप्पल घालून घरी आल्या, दुसरी कुठं निसटली ते त्यांना कळलंही नाही. महानंदाला त्यात गंमत वाटली. मला नाही वाटली, कारण शुगरनं माझे सासरे याच वाटेनं गेले होते.

मी तिला नांदेडला घेऊन गेले. माझी बीपीची गोळी बदलायची आहे, सोबतीला चला, असं सांगून. डॉक्टर तरुण आणि गोड स्वभावाचे होते. त्यांनी तिला डोळे मिटायला लावले आणि तळपायाला नायलॉनचा बारीक दोरा टेकवून विचारलं, "आजी, कळतंय का?" साखरामाय म्हणाली, हाव. दुसरीकडं टेकवला. हाव. बोटांना टेकवला. हाव, लागलं की. मग डॉक्टरांनी दोरा हवेतच धरला आणि पुन्हा विचारलं. साखरामायनं डोळे घट्ट मिटून सांगितलं, "हाव, आता तर लईच लागलं." डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं.

शुगर फार वाढलेली होती. तळपाय बधिर झाले होते आणि हातांची बोटंही त्याच मार्गावर होती. गोळ्या लिहून दिल्या, अनवाणी चालायचं नाही म्हणाले. आणि पाणी किती गरम आहे ते हातानं बघायचं नाही, कोपर बुडवून बघायचं. बापानं नावच साखरा ठेवलं त्याला मी काय करू, असं म्हणून तिनं डॉक्टरांना हसवलं.

परतीच्या गाडीत मात्र ती खिडकीबाहेर बघत राहिली. मुदखेड गेल्यावर बोलली. "बाई, घरी सांगू नका. पुनम यायलीय बाळंतपणाला. तिचं लेकरू मला न्हाऊ घालायचंय."

पुनम म्हणजे शिवशंकरची लेक, लातूरला दिलेली. तिचं हे पहिलंच. साखरामायला पतवंड होणार होतं. साऱ्या गल्लीची लेकरं जिच्या पायांवर न्हाली, तिनं स्वतःचं पतवंड दुसरीच्या हाती द्यायचं, हे तिच्या पचनी पडत नव्हतं. मी म्हटलं, कोपर घालून बघा ना मग, कोण नको म्हणतंय. तर माझ्यावरच तापली. बायांसमोर कोपर घालू का, म्हणतील म्हातारीचा हात मेला.

मीही काही कमी तापट नाही. स्पष्ट सांगितलं, पुनम यायच्या आत तुम्ही घरी सांगा, नाहीतर मी सांगेन. त्यावर उमरी येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. पुढंही कितीतरी दिवस बोलली नाही. माझ्या दारावरून जाताना पदर पुढं ओढून घ्यायची. गोळ्या तेवढ्या मुकाट घेते, एवढं मला महानंदाकडून कळायचं. त्या गोळ्या ताकदीच्या आहेत असं तिनं सुनेला सांगून ठेवलं होतं.

पुनम माहेरी आली, तरी म्हातारी आपण होऊन सांगेल म्हणून मी थांबले. पुनमला मुलगी झाली. लेकरू घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी पहिली आंघोळ ठरली. मी शाळेत रजा कळवली आणि गेले. म्हातारीनं सांगितलेलं नाही हे मला महानंदाच्या आनंदी चेहऱ्यावरूनच समजलं. साखरामाय पाटावर बसली होती, पाय लांब केलेले. शेगडीवर ओवा तडतडत होता. पुनम खाटेवर टेकून बघत होती, आणि महानंदा उंबऱ्याबाहेर टॉवेल घेऊन उभी. तेलाचा हात फिरवून झाला होता. लेकरू नडग्यांवर पालथं, मूठ आवळून पडलेलं.

साखरामायनं बादलीत हात घातला. काढला. इसण घातलं, पुन्हा हात घातला. तो तसाच ठेवून ती पाण्याकडं बघत राहिली. एरवी तिला हे एका दमात कळायचं. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिनं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. एवढ्या दिवसांनी ती माझ्याकडं पहिल्यांदाच सरळ बघत होती. मी गप्प बसले. का ते मला आजही नीट सांगता येणार नाही, पण आता माझ्या बोलण्याची गरज नाही असं वाटलं.

खाटेवरून पुनम म्हणाली, "माय, पाणी गार होईल ना."

साखरामायनं हात बाहेर काढला, लुगड्याला पुसला. मग म्हणाली, "महानंदा, आत ये. पाणी तू बघ."

महानंदा जागची हलेना. सासू चेष्टा करते की परीक्षा घेते हेच तिला उमगेना. आत्याबाई, तुमचा हात लागल्यावर मी कशी बघू, असं ती पुटपुटली.

"मला लागंना गेलंय," साखरामाय म्हणाली. "हाताला लागंना अन् पायालाबी. बाईंना ठाऊक हाय. तू बघ."

महानंदानं उंबरा ओलांडला आणि बिचकत बादलीत हात घातला. घातला तसा झटकन मागं घेतला. पाणी अजून कढत होतं. महानंदाचे डोळे भरून आले, तिनं ते दंडाला पुसले आणि तांब्यावर तांब्या इसण ओतत गेली, दर वेळी हात बुडवून. शेवटी सासूसारखीच मान हलवली. मग ती तांब्यानं पाणी सोडत राहिली आणि साखरामाय लेकराला चोळत राहिली. दोघींचे हात एकाच पाण्यात होते. बाधेचं नाव कुणी काढलं नाही. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला फार बरं वाटत होतं.

अंग पुसून झालं. लेकरू उताणं करून साखरामाय टाळूवर तेल थापत होती. एकाएकी पुनम खुदकन हसली, मग महानंदाही. साखरामायनं वर बघून विचारलं, काय झालं गं हसायला? लेकीनं पणजीच्या पायांवर धार सोडली होती. ती नडगीवरून ओघळून टाचेपर्यंत गेली तरी साखरामायला पत्ता नव्हता.

तिनं आपल्या ओल्या पायांकडं जरा वेळ पाहिलं.

"गरम हाय का गं?" तिनं सुनेला विचारलं.

महानंदा खाली बसली. सासूच्या नडगीवर तिनं तळहात ठेवला.

"हाव, आत्याबाई. गरम हाय."

"बरं," साखरामाय म्हणाली, आणि पुन्हा टाळू भरायला लागली.