प्लास्टिकखालचं पाणी

लाकडी जमिनी बसवता बसवता ज्याचे गुडघे चौतीस वर्षं झिजले, त्या माणसाला सगळे टकटकमास्तर म्हणायचे. समोर लाकडाचं काहीही दिसो, दार असो, बाक असो, कुणाच्या लग्नातलं टेबल असो, त्याचं बोट आपोआप वाकायचं. टक टक. मान तिरकी करून आवाज ऐकायचा, ओठ मुडपायचे आणि निकाल द्यायचा, "पोकळ."

डॉक्टरांच्या टेबलावरही त्याने हेच केलं. डॉक्टर एक्स-रे उजेडात धरून उभे होते. म्हणाले, "माझं टेबल राहू द्या. तुमच्या गुडघ्यांत गादी उरलेली नाही. जमिनीवर बसणं बंद."

"अहो, मी जमिनीच बसवतो."

"मग आता भिंती बसवा." आणि स्वतःच्या विनोदावर डॉक्टर इतके खूश झाले, की त्यांनी तो नर्सला बोलावून परत ऐकवला.

मास्तरच्या बायकोला मात्र हसू आलं नाही. तिने घरी पोचायच्या आत, रस्त्यातच वचन घेतलं. "अखंड लाकडाचं काम आता घ्यायचं नाही. खाली पट्ट्या ठोका, वर फळ्या ठोका, आठ-आठ दिवस रांगत बसा, पुरे झालं. ते थरांचं घ्या. एकमेकांत अडकवलं की तीन दिवसांत मोकळे. अखंडचं घेतलंत तर मी माहेरी जाईन."

"तुझं माहेर चौथ्या मजल्यावर आहे."

"म्हणूनच. मला परत न्यायला तुम्हाला चढताच येणार नाही."

मास्तरने मान डोलावली. भांडायचं तर उभं राहावं लागतं, आणि उभं राहायचं त्याला जिवावर आलं होतं. पण थरांचं काम घ्यायचं म्हणजे आपलेच शब्द गिळायचे. वर खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा आणि खाली चिकटवलेले प्लायवूडचे थर, अशा त्या इंजिनिअर्ड फळीला जन्मभर तो एकच गोष्ट म्हणत आला होता, "वरून कोट, आतून बनियन."

आणि नेमकं पुढच्याच आठवड्यात दंतवैद्यांच्या घरून बोलावणं आलं. तळमजल्यावरची बैठकीची खोली, जुनी फरशी उखडलेली, खाली उघडं काँक्रीट. दंतवैद्यांना एक सवय होती. समोरच्याच्या तोंडात कायम कापूस असल्यासारखं ते स्वतःच विचारायचे आणि स्वतःच उत्तर द्यायचे. "आपल्याला काय हवंय? टिकाऊ हवंय. टिकाऊ म्हणजे काय? अखंड लाकूड. बरोबर? बरोबर."

त्यांची बायको मोबाईलवरून नजर न काढता म्हणाली, "इथे लिहिलंय, तळमजल्याला इंजिनिअर्डच बरं. चारशे लोकांनी लिहिलंय."

"चारशे लोकांच्या तोंडात मी रोज बघतो. काय असतं? कीड असते."

"मास्तर, तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल तसं," बायको म्हणाली.

एरवी मास्तरने कोट आणि बनियनवर पाव तास घेतला असता. आज जीभ उचलेना. थरांचं घ्या म्हणावं, तर हे मन बोलतंय की गुडघे, हे त्याचं त्यालाच कळेना. अखंड घ्या म्हणावं, तर घरी बायको. आपल्या तोंडावर आपलाच विश्वास नाही, असं चौतीस वर्षांत पहिल्यांदा झालं होतं.

मग त्याने न्याय जमिनीवर सोपवला. हातभर रुंद प्लास्टिकचा कागद काँक्रीटवर पसरला आणि चारही कडा चिकटपट्टीने बंद केल्या. "उद्या बघू. जमिनीत ओल असेल तर कागदाच्या आतून थेंब जमतील. थेंब दिसले तर थरांचं. कोरडं असेल तर अखंड." एवढं चिकटवून उठायला त्याला दोन प्रयत्न आणि एक दाराची चौकट लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. कागदाच्या आत थेंबच थेंब होते, आंघोळीनंतर आरशावर असतात तसे. मास्तरने मनातल्या मनात हिशेब केला. वचनाला धक्का नाही, गुडघ्यांना त्रास नाही, आणि खोटंही नाही.

"ओल वर येतेय," तो म्हणाला. "अखंड फळी फुगेल, कडा उचलतील, एकेक फळी पन्हाळीसारखी होईल. थरांचंच घ्या."

"चारशे लोक," दंतवैद्यांची बायको म्हणाली, आणि लगेच मोबाईलवर रंग बघायला लागली. दंतवैद्य खिडकीपाशी जाऊन स्वतःलाच काहीतरी विचारत उभे राहिले. उत्तर मिळालेलं दिसलं नाही.

इतक्यात आतून त्यांची आई भिंतीला हात लावत लावत आली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात मास्तरसाठी चहा. पाय टाकताना ती त्याच्यासारखीच डावीकडे कलत होती.

"बसा हो. काल नीट टेकता आलं ना तुम्हाला?"

"कुठे, आजी?"

"इथेच. सिमेंटची किती धूळ होती! म्हटलं, मास्तर येणार, बिचारे गुडघे टेकणार, खडे टोचतील. परवा रात्रीच दोन बादल्या ओतून जमीन घासून काढली मी. टेकले ते टेकले, उठवायला मग सुनेला बोलवावं लागलं."

"अहो आई, कशाला?" सून मोबाईलवरूनच म्हणाली. "हा मधाच्या रंगाचा बघा."

मास्तरने हातातल्या चहाकडे पाहिलं. मग थेंबांकडे पाहिलं. खोलीत कुणाच्याच काही लक्षात आलं नव्हतं. दंतवैद्य रुसले होते, सुनेला मधाचा रंग आवडला होता, आणि आजी तो चहा कधी पितो याची वाट बघत होती. तो नुसता गप्प बसला असता तरी काम झालं असतं. तीन दिवसांचं.

पण ती बाई त्याच्यासाठी, असले गुडघे घेऊन, खाली बसली होती.

"मधाचा रंग राहू द्या," तो म्हणाला. "ही ओल जमिनीची नाही. आजींच्या बादल्यांची आहे. चार दिवस इथे पाण्याचा थेंब सांडू नका. मी परत कागद लावतो."

पाचव्या दिवशी त्याने नवा कागद लावला. सहाव्या दिवशी आला तेव्हा तो लांबूनच बघत राहिला. एखादा तरी थेंब असावा असं त्याला फार वाटलं. वाकून आधी डाव्या बाजूने पाहिलं, मग उजव्या बाजूने. कागद कोरडा होता, नुकती इस्त्री केल्यासारखा.

"म्हणजे काय?" दंतवैद्य म्हणाले.

"म्हणजे अखंड," मास्तर म्हणाला. "आजींच्या काठीचे ओरखडे पडणारच. ही फळी पाच-सहा वेळा तरी घासून नवी करता येते. थरांची एकदा, फार तर दोनदा. पण फळ्या आल्या की आधी पंधरा दिवस याच खोलीत पडू द्यायच्या. इथली हवा अंगात मुरू दे. मग ठोकायच्या. आणि आठ दिवसांचं काम मला सोळा दिवस लागेल. घाई असेल तर दुसरा माणूस बघा, मला राग नाही."

"आम्हाला कसली घाई?" आजी म्हणाली. "माझा पाट देते तुम्हाला. उशी बांधलेला आहे."

बाहेर पायरीवर बसून त्याने बायकोला फोन लावला.

"कोरडं निघालं," तो म्हणाला.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली आणि तिने गॅस बंद केला. मग ती म्हणाली, "जरा ओलं फडकं फिरवता नाही आलं?"

"मनात आलं होतं."

"मग?"

"वाकावं लागलं असतं."

ती हसली नाही. पण माहेरचं नावही तिने काढलं नाही. "शेकायच्या पिशवीचं बूच गळतंय," ती म्हणाली. "येताना नवी घेऊन या. दोन आणा. दोन्ही गुडघ्यांना एकदम होईल."

मास्तरने फोन खिशात ठेवला आणि उठायला कठड्याला हात घातला. कठडा लाकडाचा होता. त्याने टकटक केलं नाही. नुसता धरून थोडा वेळ बसून राहिला.